परिषदेची बस वेरूळला निघाली तेव्हा

आमच्या शहरात जहाजबांधणी आणि सागरी अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्याचं कारण जहाजं नव्हती, लेणी होती. आमच्या कॉलेजच्या संचालकांनी हे पहिल्याच बैठकीत उघड सांगितलं. "बाहेरचे पाहुणे बंदरं बघून कंटाळलेत. त्यांना अजिंठा-वेरूळ द्या, धावत येतील." टेबलाभोवतीचे सगळे हसले. मला तेव्हा राग आला नाही. समुद्राच्या विषयावर काम करणारी कॉलेजात मी एकटीच, आणि इतकी वर्षं ज्या परिषदांची माहितीपत्रकं नुसती वाचली त्यातली एक आपल्या दाराशी येतेय, याचंच अप्रूप मोठं होतं.

माझं काम मोठ्या जहाजांवर नाही, मासेमारीच्या होड्यांवर आहे. होडीचं इंजिन आत असतं आणि पंखा बाहेर, पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट होडीच्या मागच्या बाजूनं एका नळीतून बाहेर जातो. त्या नळीत आतून रबर लावलेलं एक कडं, म्हणजे बुश, असतं. शाफ्ट त्यात फिरतो आणि समुद्राचं पाणीच तेलाचं काम करतं. पाणी स्वच्छ असेल तर बुश टिकतो. खाडीच्या तोंडाशी पाण्यात वाळू असते, गाळ असतो, तिथं तो झिजतो. बुश झिजला की शाफ्ट थरथरतो, शाफ्ट थरथरला की पाणी अडवणारं पॅकिंग ढिलं होतं, आणि समुद्र हळूहळू आत यायला लागतो. मोठ्या जहाजावर अशा वेळी गजर वाजतो. होडीवर एक पंप असतो, आणि तो बंद पडला तर डबा.

वडील चितेगावच्या एका कंपनीत कामाला होते. आम्ही बाबासाहेबांच्या मागं गेलेल्या घरातले, शिकायचंच हे घरात ठरलेलं होतं, पण काय शिकायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. एम.टेक.साठी मी समुद्रकाठच्या एका शहरात गेले, समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि त्याच विषयाला चिकटले. परत येऊन कॉलेजात लागले तेव्हा मुलाखतीत एकानं विचारलं, "मराठवाड्यात बसून समुद्रावर काय करणार तुम्ही?" मी प्रयोगशाळेत एक टाकी उभी केली. तिच्यात गोदावरीची वाळू कालवलेलं पाणी फिरवत मी वेगवेगळ्या रबरांचे बुश झिजवते. उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा स्टाफरूममध्ये ठरलेला टोमणा असायचा: लोकांना प्यायला पाणी नाही, मॅडमचं जहाज मात्र चाललंय. टाकीतलं पाणी महिनोन्महिने तेच असतं, हे सांगून सांगून मी थकले आणि मग सांगायचं सोडून दिलं.

झिजलेले बुश मला कोकणातल्या एका लहान बंदरावरून मिळायचे. तिथल्या एका होडीचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तानच, मला मदत करायचे. प्रत्येक होडीवाल्याला ते सांगून ठेवायचे, "जुना बुश फेकू नका, औरंगाबादची बाई येते, तिला लागतो." शहराचं नाव बदललं तरी त्यांच्या तोंडी औरंगाबादच राहिलं. मी त्यांना दादा म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. दरवेळी वहिनी मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

एका हंगामाच्या शेवटी दादांची होडी बुडाली. खलाशांना दुसऱ्या होडीनं वर काढलं, दादा सापडले नाहीत. कागदोपत्री कारण लागलं, खराब हवामान. खलाशी सांगत होते की वारा आदल्या आठवड्यात याच्याहून जास्त होता, पाणी मागून, नळीतून येत होतं. ते कुणी लिहून घेतलं नाही. मी नंतर दादांच्या बुशासोबत त्याच दुकानातून विकत घेतलेले इतर होड्यांचे बुश तपासले. मरीन रबर म्हणून विकलेला माल विहिरीच्या पंपाच्या रबराइतकाही टिकत नव्हता. लहान होडीच्या बुशाला काय दर्जा असावा, तो किती दिवसांनी तपासावा, याचा धड नियम कुणी मला दाखवू शकलं नाही. नियम करणाऱ्या समित्यांवर जी माणसं बसतात तीच या परिषदांना येतात. म्हणून मला परिषद हवी होती.

मी भांडून एक सत्र मिळवलं, लहान नौकांच्या सुरक्षेवर. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर. त्यात आधी माझा निबंध आणि नंतर वहिनींचं बोलणं. वहिनी आधी नाहीच म्हणाल्या.

"माझं काय काम तिथं ताई? मी काय बोलणार शिकलेल्यांपुढं?"

"काय झालं तेवढंच सांगा. नियम बनवणारी माणसं समोर असतील. आकडे मी सांगते, पण आकड्यांनी त्यांना काही होत नाही."

फोनवर त्यांनी मला तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाल्या, "ह्यांनी तुम्हाला कधी नाय म्हटलं नाय. मी येते."

दोन एसट्या बदलून त्या आल्या. उतरल्या आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी. सोबत सुकट आणि बोंबलाची पिशवी. आईनं पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "लई लांबून आलीस गं बाई. पाय धू, बस. हे कसं करायचं ते तूच दाखव मला." संध्याकाळपर्यंत दोघींचं असं जमलं की मी परिषदेचं काही बोलायला गेले की आईच म्हणायची, तिला दम तरी घेऊ दे.

परिषदेचे पहिले दोन दिवस मी स्वागत समितीत काढले. कॉलेजातल्या सगळ्या बायका स्वागत समितीत, सगळे पुरुष तांत्रिक समितीत. हे कुणी ठरवलं असं विचारल्यावर उत्तर आलं, ठरवलं असं काही नाही. ज्या बाईचं काम दाखवून परिषद आमच्या कॉलेजनं पदरात पाडून घेतली, ती बाई हॉटेलच्या दारात ताटात गुलाबाची फुलं घेऊन उभी होती. उद्घाटनाच्या भाषणात अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या जहाजाचं वर्णन इतकं लांबलं की दीपप्रज्वलनाच्या समया विझायला आल्या. आपले पूर्वज केवढे दर्यावर्दी, हे ऐकून टाळ्या पडल्या. आज दर्यावर असलेल्या माणसांचा उल्लेख कुणाच्या तोंडी आला नाही. मी चहाच्या टेबलापाशी उभी राहून जितके निबंध ऐकता आले तितके ऐकले. काही खरोखर चांगले होते, तेही सांगितलं पाहिजे. उत्तरेकडच्या एका थंड देशातून आलेल्या वयस्कर प्राध्यापिकाबाईंनी जहाजाच्या कंपनांवर इतकं सुरेख मांडलं की मी हातातला ट्रे विसरले. त्यांच्याशी बोलताना मी माझ्या सत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी नक्की येईन." मी घरी येऊन वहिनींना सांगितलं की निदान एक माणूस तरी मन लावून ऐकणारं आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनी लवकरच तयार झाल्या. हिरवी साडी, अंबाड्यात आईनं माळलेली शेवंती. फुलाला त्या आधी नको म्हणाल्या होत्या. आई म्हणाली, "माझा नवरा गेला तवा मला बी लोकं म्हणले, फूल घालू नको. मी घातलं. कोण काय करतंय?" मग त्यांनी माळू दिलं.

रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबली तेव्हा फोन वाजला. परिषदेच्या ग्रुपवर निरोप होता. पाहुण्यांच्या आग्रहास्तव वेरूळची सहल दुपारच्या जेवणानंतर लगेच निघेल, उरलेली सत्रं सोयीनुसार ऑनलाइन घेतली जातील, सर्वांनी सहकार्य करावं. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. वहिनी बाहेरची गर्दी बघत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. मला वाटलं, पोचून सांभाळून घेईन.

हॉलमध्ये पोचलो तर वेटर खुर्च्या एकावर एक रचत होते. मंचावरचा फलक अर्धा उतरवलेला, जहाजाचं चित्र मधोमध दुमडून लोंबत होतं. मी विचारलं, लोक कुठं गेले. एक वेटर म्हणाला, "सब लोगां बस में बैठ रहे मॅडम. खाना भी पॅक करके दे दिये."

पोर्चमध्ये बस उभी होती, इंजिन चालू. संचालक दाराशी, डोक्यावर परिषदेची टोपी.

"सर, आत्ता माझं सत्र आहे."

"अहो मॅडम, ग्रुपवर टाकलंय ना. वेरूळ पाच-सहाला बंद होतं, पाहुण्यांचा हिरमोड नको." मग त्यांचं लक्ष माझ्या मागं गेलं. "या त्याच बाई का? बरं झालं आणलंत. शाल-श्रीफळ शिल्लक आहे, इथंच सत्कार करून घेऊ. एक फोटो काढू आणि त्यांनाही बसवा बसमध्ये. लेणी बघतील बिचाऱ्या."

बिचाऱ्या हा शब्द वहिनींनी ऐकला. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

मी संचालकांच्या बाजूनं बसमध्ये चढले. गाइडनं माइक हातात धरला होता, तो मी घेतला. त्यानं दिलाही, बहुधा त्याला वाटलं मी काही सूचना देणार आहे. मी इंग्रजीत बोलले. मी म्हणाले, तीन दिवस आपण जहाजांवर बोललो, जहाजावरच्या माणसावर कुणी बोललं नाही. या बसच्या दाराशी एक बाई उभी आहे. तिचा नवरा हाताच्या मुठीत मावेल एवढ्या रबराच्या तुकड्यामुळं बुडाला. ती समुद्रकाठाहून दोन एसट्या बदलून तुम्हाला ते सांगायला आलीय, कारण मी तिला सांगितलं होतं की तुम्ही ऐकाल. लेणी हजार वर्षांहून जास्त थांबलीत. अजून तासभर थांबतील.

पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ आपल्या जेवणाच्या खोक्याची दोरी सोडत होता, ती त्यानं परत बांधली. कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी फोनमध्ये. आपल्याच देशातल्या एका मोठ्या जहाज कारखान्याचे साहेब शेजाऱ्याला हळू म्हणाले, "होडी म्हणजे जहाज नव्हे हो." मला ते ऐकू आलं, आणि ऐकू जावं म्हणूनच ते बोलले होते.

"मॅडम, तमाशा करू नका," खालून संचालक म्हणाले.

त्या वयस्कर प्राध्यापिकाबाई उठल्या. पर्स काखेत मारून उतरल्या. त्यांच्या मागून आणखी चार-पाच जण उतरले. मी माइक परत दिला आणि त्यांच्या मागं गेले. मला वाटलं, झालं. पाच तर पाच. इथंच, सामानाच्या गाड्यांच्या मधे उभं राहून बोलू.

ते वहिनींभोवती अर्धगोल करून उभे राहिले. एकानं फोन वर धरला. वहिनींनी त्यांच्याकडं बघितलं, मग बसकडं. बसचं दार उघडंच होतं आणि आतली माणसं काचेतून बघत होती.

"ताई, यांना म्हणा बसा जाऊन. उशीर होईल."

"वहिनी, हे ऐकायला उतरलेत. बोला तुम्ही."

"माझ्या माणसाचं मरण मी असं बसच्या दारात उभं राहून नाय सांगणार."

त्या ओरडल्या नाहीत. मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. फोनवाल्यानं फोन खाली घेतला, पण फोटो निघालेला होता. प्राध्यापिकाबाई वहिनींसमोर आल्या. त्यांनी हात जोडले. आणि मग त्या परत बसमध्ये चढल्या. दुसरं त्यांनी काय करायला हवं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्या चढल्या याचा राग मला साहेबांच्या वाक्याहून जास्त आला होता.

बस गेली. पोर्चमध्ये दोघीच उरलो. हॉटेलच्या दरबानानं आम्हाला रिक्षा थांबवून दिली.

रिक्षात मी सारखी बोलत होते. तक्रार करणार, वर्तमानपत्रात देणार, परिषद भरवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना लिहिणार. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही गाडीत चढलात, मला आधी विचारलं नाय."

"माझा राग आवरला नाही."

"राग बरोबर हाय. पण ज्यांना ऐकायचं नाय त्यांच्यापुढं आपण कशाला मागायचं? आमच्या मच्छीमार सोसायटीत या. तिथं होडीवाले बसतील. ज्यांच्या खाली तो बुश फिरतो ते. त्यांना मी सांगीन."

मला तेव्हा ते पटलं नाही. होडीवाल्यांना कळून बाजारातला माल सुधारत नाही. नियम करणारे बसमध्येच बसलेले असतात. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते तुमचं काम. तुम्ही भांडा. मला त्यांच्यापुढं उभी करू नका."

घरी आई मेथी निवडत बसली होती. आम्हाला बघून तिला काय ते कळलं. तिनं वहिनींपुढं अर्धी जुडी सरकवली. दोघी निवडत राहिल्या. मग आईच म्हणाली, "कसं झालं गं ते? तुझ्या मालकाचं?"

आणि वहिनींनी सांगितलं. मी दारात उभी होते. पाणी मागून यायला लागलं तेव्हा दादांनी आधी इंजिन बंद करायला लावलं, म्हणजे शाफ्ट फिरायचा थांबेल आणि पाणी कमी येईल. पण इंजिन बंद म्हणजे होडी लाटेला आडवी. मग परत चालू केलं. पंप गाळानं बसला. दादा खाली उतरून नळीच्या तोंडाशी गोणपाट कोंबत होते. वर खलाशी ओरडत होते की चला, दुसरी होडी आलीय. ते म्हणाले, तुम्ही चढा, माझा हात काढला की पाणी येईल. "त्यांचा हात तिथंच होता," वहिनी म्हणाल्या. "शेवटच्या खलाशानं बघितलं. हात नाय काढला." आईनं मेथीचा देठ मोडला आणि तो हातातच धरून ठेवला. दोघी रडल्या नाहीत. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. हे त्या हॉलमध्ये सांगितलं जाणार होतं. पाणी नळीतून आलं एवढंच मला माहीत होतं, दादांच्या हाताचं काहीच नाही.

परिषद संपल्यावर मला खुलासा मागणारं पत्र आलं. परिषदेच्या प्रतिष्ठेला बाधा आणली, परदेशी पाहुण्यांशी उद्धट वर्तन केलं. मी उत्तर दिलं की पाहुण्यांशी मी दोन दिवस फुलं देऊन नम्रपणे वागले, शेवटच्या दिवशी इंजिनिअरसारखी वागले. हे वाक्य संचालकांना लागलं असावं. पुढच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत गेले तर टाकी रिकामी होती. पाणीटंचाईच्या काळात अपव्यय नको म्हणून वरून आदेश, असं शिपायानं खाली मान घालून सांगितलं. पाणी कुणाला प्यायला दिलं नव्हतं, ते प्रयोगशाळेच्या मागं जमिनीवर सोडलं होतं. वाळू तिथंच पसरून वाळत पडली होती. त्या पाण्यात चाललेली चाचणी अर्धवट राहिली. ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती.

त्याहून मोठा संताप नंतर झाला. परिषदेचा छापील अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की लहान नौकांच्या सुरक्षेवरचं सत्र उत्साहात पार पडलं. खाली फोटो. पोर्चमध्ये परदेशी पाहुणे अर्धगोल करून उभे, मधे हिरव्या साडीतल्या वहिनी, तोंड किंचित उघडं. त्या नकार देत होत्या तो क्षण. फोटोखाली लिहिलं होतं, मच्छीमार महिलेशी संवाद साधताना मान्यवर.

मी तो अहवाल घेऊन संचालकांच्या खोलीत गेले. त्यांना विचारलं, त्या बाई काय म्हणतायत या फोटोत, माहिती आहे का. त्यांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुमचं नाव आहे ना त्यात? बढतीसाठी निबंधाचे गुण मिळतील तुम्हाला. का वाढवताय?" मी सांगितलं की फोटो काढून टाकला नाही तर मी वहिनींच्या वतीनं वकिलाची नोटीस देईन. इंटरनेटवरच्या प्रतीतून फोटो गेला. सत्र मात्र उत्साहात पार पडलं ते तसंच राहिलं. छापलेल्या प्रती सगळ्या देशांत गेल्या.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना मी वहिनींच्या बंदरावर गेले. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडीवाले बसले. मी झिजलेले बुश टेबलावर मांडले आणि बोटानं झीज कशी तपासायची ते दाखवलं. वहिनी बसून बोलल्या. आमच्या घरी आईला सांगितलं होतं तसंच, पण थोडक्यात. शेवटी एकजण चिडून म्हणाला, "मग आम्ही काय करायचं? दुकानात एकच माल मिळतो." त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मात्र काहीजणांनी शाफ्ट हलवून बघितला, आणि वहिनींच्या दिरानं स्वतःच्या होडीचा बुश काढून माझ्यापुढं टाकला. तो आतून कागदासारखा झाला होता.

टाकी आता चितेगावला आहे, वडिलांच्या एका जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये. तिथं पाणी बोअरचं आहे, कुणी टोमणे मारत नाही. चाचणी पहिल्यापासून सुरू केलीय. मध्यंतरी त्याच परिषदेच्या पुढच्या वर्षीच्या आयोजकांचं पत्र आलं, निबंध तपासणाऱ्यांत तुमचं नाव घालू का म्हणून. परिषद एका थंड हवेच्या ठिकाणी आहे. मी लिहिलं की लहान नौकांचं सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, आणि ते एखाद्या मासेमारी बंदरावर, होडीवाल्यांच्या सोबत बसून घ्या, तर माझं नाव घाला.

त्यांचं उत्तर आलेलं नाही.